सत्यशीलाचा डावा खांदा

बाभूळवाडीत सत्यशीलाला कोणी नावाने हाक मारत नाही. ती गावची आशा कार्यकर्ती, म्हणून लहान-थोर सगळ्यांची आशाताई. नगरकडच्या कर्जत तालुक्याच्या त्या कोरड्या कोपऱ्यातल्या सव्वादोनशे उंबऱ्यांत कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाच्या लेकराचा डोस चुकलाय, कोणता म्हातारा बीपीची गोळी घेतो म्हणतो आणि चुळीबरोबर थुंकून टाकतो, सगळं तिला तोंडपाठ. आवाज खणखणीत. उतारे, अंगारे, लिंबू-मिरची यांवरून ती बायकांना अशी फैलावर घ्यायची की ती येताना दिसली की दारातला लिंबू पदराआड जायचा.

अशी ही बाई भर दुपारी, उन्हात, एकटी चालताना मधेच थांबायची आणि डाव्या बाजूला न बघता म्हणायची, "बास आता, पंकजा. दुखतंय."

पंकजा म्हणजे अंगणवाडीची मदतनीस. सासरच्यांनी दोन वर्षांत माघारी धाडलेली, तेव्हापासून आई रंगुबाईजवळ राहणारी. घरात त्या दोघीच. अठ्ठाविशीची, हसरी आणि स्कूटीला भयंकर भिणारी. सत्यशीलाच्या मागे बसली की तिचा डावा हात सत्यशीलाच्या डाव्या खांद्यावर पडायचा. चार बोटं पुढे गळ्याच्या हाडाखाली, अंगठा पाठीमागे. खड्डा आला की ती बोटं रुतायची. "अगं, खांदा उपटून घेशील माझा," असं सत्यशीला ओरडायची, आणि मागून हसू यायचं.

तीन वर्षांपूर्वी, पोलिओच्या डोसाच्या दिवशी, दोघी उरलेल्या लसीचा डबा आरोग्य केंद्रात पोचवायला निघाल्या होत्या. मिरजगावच्या रस्त्यावर एका वळणावर समोरून कांद्याचा टेम्पो चुकीच्या बाजूने आला. स्कूटी घसरली. सत्यशीला डाव्या खांद्यावर आपटली. पंकजा डोक्यावर पडली, आणि नगरला नेईपर्यंतही राहिली नाही.

पंचनाम्यात सगळा दोष टेम्पोवाल्याचा निघाला. तो होताही. गावाने सत्यशीलाला एका शब्दाने बोल लावला नाही. नगरच्या दवाखान्यात डॉ. शामकांत यांनी तिच्या दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचे तीन तुकडे धातूची पट्टी आणि सात स्क्रू घालून जोडले. पंकजाला अग्नी दिला तेव्हा ही तिथे भुलीत होती. तिचं तोंडही हिला बघायला मिळालं नाही.

पंधराएक दिवसांनी रंगुबाई दवाखान्यात आली. खाटेजवळच्या स्टुलावर तासभर बसली. कसं झालं, काय झालं, शेवटी काय बोलली माझी पोरगी, काही म्हणजे काही विचारलं नाही. जाताना सत्यशीलाच्या पायावरची चादर नीट केली आणि निघून गेली. त्या दिवसापासून सत्यशीलाला रंगुबाईच्या दारावरून जाणं अवघड झालं. गावातल्या प्रत्येक घरी तिचं जाणं-येणं होतं. ते एक घर ती मागच्या बोळाने टाळायची.

हाड जुळलं. सहा महिन्यांत हात डोक्याच्या वर जाऊ लागला. स्कूटी वैजनाथने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, विकून टाकली. ती पायी हिंडू लागली. वर्षभर सगळं ठीक चाललं.

मग तो हात आला.

पहिल्यांदा आला तेव्हा ती अंगणवाडीच्या ओट्यावर एका तान्ह्या पोराचं वजन करत होती. डाव्या खांद्यावर कोणीतरी अलगद हात ठेवावा तसं वाटलं. मागे कोणी नव्हतं. चार दिवसांनी पुन्हा. मग रोज. ठणका नव्हे, कळ नव्हे, नुसतं ओझं. पुढच्या बाजूला चार जागी आणि मागे एका जागी दुखायचं. सकाळी उठलं की खांदा आखडलेला असायचा, जणू रात्रभर कोणी धरून ठेवला होता. उन्हं वर आली की थोडा सैल पडायचा आणि दुपारी पुन्हा घट्ट. हळूहळू वेणी घालता येईना. पदर सावरता येईना. ताप नाही, सूज डोळ्यांना दिसेल अशी नाही. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, सगळं जिथल्या तिथे. तिथले डॉक्टर म्हणाले, "धक्का मोठा होता, आशाताई. मनातून जायला वेळ लागतो."

मनातून. ते ऐकून ती हसली, कारण मनात काय आहे ते तिला एकटीला ठाऊक होतं.

त्या दिवशी वळणाच्या अलीकडे तिचा मोबाईल वाजला होता. स्कूटीच्या पुढच्या कप्प्यात होता. तिने डावा हात सोडून तो उचलला. डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो. नजर खाली गेली, पडद्यावर नाव दिसलं, आणि तेवढ्यात पंकजाची बोटं खांद्यात रुतली. "ताई!" एवढंच ऐकू आलं. वर बघितलं तेव्हा टेम्पो समोर होता.

मोबाईलचा चुरा झाला. कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आणि पडद्यावरचं नाव होतं: रंगुमावशी.

आता हे कोणाला सांगावं? रंगुबाईला सांगावं, तर "तुमचा फोन आला म्हणून" हे शब्द त्या वाक्यात येणारच. लेक गेलेल्या बाईच्या ओटीत आणखी हे टाकायचं? म्हणून आपण गप्प आहोत, असं सत्यशीला स्वतःला सांगायची. पण दुपारच्या उन्हात तो हात खांद्यावर पडला की तिला लख्ख दिसायचं की ते अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं नुसतं भय होतं.

म्हणून तिने दुखणं धरून ठेवलं. पंकजाने खांदा धरलाय, तर धरू दे. तिचा हक्क आहे. वैजनाथ नगरला चल म्हणायचा, ती आज-उद्या करायची. बाकावर बसली की डावीकडे एका माणसाची जागा सोडायची. चहाचा कप डाव्या बाजूला ठेवला की थोडा वेळ हात लावायची नाही. वैजनाथ हे सगळं बघायचा. गिरणीवरचं पीठ अंगावर घेऊन दारात उभा राहायचा आणि तसाच आत जायचा.

दिवाळीनंतर एकदा ती तोंडावर पदर ओढून, दोन एसट्या बदलून, दुसऱ्या तालुक्यातल्या भिमाजी नावाच्या देवऋष्याकडे गेली. सगळ्या बायकांना जे करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच करायला. भिमाजीने तिच्याकडे नीट बघितलंही नाही.

"डाव्या खांद्याव बाई बसलीया," तो म्हणाला. "तरणीताठी. तुला सोडंना ती."

"काय पाहिजे तिला?"

"तुला ठाव हाय काय पायजे ते. मला कशाला इचारती?"

डावा खांदा ती उजव्या हाताने धरूनच आत आली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. अपघात तर पेपरात आलेला. ती आशा होती, या लोकांच्या युक्त्या तिला पाठ होत्या. तरीही त्याने सांगितल्याप्रमाणे तिने हिरवी साडी आणि बांगड्या त्या वळणावर बाभळीखाली ठेवल्या. हात हलला नाही. उलट त्या दिवसापासून त्याला ऊब आली. खांद्याची तेवढी जागा बाकीच्या अंगापेक्षा कोमट लागू लागली, जिवंत माणसाच्या तळव्यासारखी.

माघ महिन्यात ऑपरेशनच्या व्रणावर एक बारीक पुटकुळी आली. तारुण्यपीटिकेएवढी. ती फुटली आणि तिच्यातून पाण्याचा थेंब आला. वैजनाथने झंपरवरचा तो डाग पाहिला.

"आता तू चालतीस का मी उचलून न्हेऊ?" तो म्हणाला. अठरा वर्षांत त्याने तिच्यावर आवाज चढवला नव्हता. "एक बाई गेली. तू बी तिच्या मागं चाललीस, मला दिसतंय. मी काय आंधळा न्हाई."

ती गेली.

डॉ. शामकांत सत्तरीला टेकलेले, कमी बोलणारे. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. हाड उत्तम जुळलं होतं. फक्त वरच्या दोन स्क्रूंभोवती बारीक काळी रेघ होती. त्यांनी सांध्यात सुई घालून पाणी काढलं, त्यात जंतू उगवतात का ते तपासायला पाठवलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: काही उगवलं नाही.

"म्हणजे काहीच नाही," सत्यशीला म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती, आणि ती डॉक्टरांच्या कानांनी टिपली.

"तुम्हाला काही नसावं असं वाटतंय का?"

तिने उजव्या हाताने खांद्यावरचा पदर ओढून घेतला.

"आशाताई, रिपोर्ट काहीही म्हणू दे. जुळलेल्या हाडातला स्क्रू उगाच ढिला होत नाही. आत कोणीतरी आहे."

त्यांना जंतू म्हणायचं होतं. तिने मात्र खुर्चीची कड घट्ट धरली.

हाड जुळलंच होतं, तेव्हा पट्टीची गरज उरली नव्हती. डॉक्टरांनी खांदा उघडून पट्टी आणि सातही स्क्रू काढले, आजूबाजूचं मऊ पडलेलं मांस खरवडलं, आणि पाच वेगवेगळ्या जागचे तुकडे पाच बाटल्यांत घालून प्रयोगशाळेत पाठवले. चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: चौदा दिवस टाकून देऊ नये.

ते दिवस तिने खाटेवर भिंतीकडे तोंड करून काढले. खांद्यात ऑपरेशनची कळ होती, पण ती वेगळी. धारदार, उघड, टाक्यांची. तिच्याखाली तो हात आहे की गेला, ते कळत नव्हतं. सहाव्या दिवशी परिचारिकेने सांगितलं, अजून काही नाही. आठव्या दिवशीही नाही. सत्यशीलाला वाटू लागलं, बाटलीत काय उगवणार? हे बाटलीत धरता येणारं नव्हेच.

दहाव्या दिवशी दुपारी डॉ. अनन्या स्वतः खाटेपाशी आल्या. प्रयोगशाळेच्या डॉक्टर, पंचविशी-तिशीतल्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद होता आणि तो दवाखान्यात दाखवू नये म्हणून चाललेली धडपडही.

"सापडला," त्या म्हणाल्या. "पाचापैकी चार बाटल्यांत. एकीतच आला असता तर मी म्हटलं असतं, चुकून पडला असेल. चारांत एकच जंतू, म्हणजे तो तिथलाच."

"कुठला जंतू?" सत्यशीलाने विचारलं. "कुठून आला?"

"कुठून नाही. तुमच्या कातडीवरचाच. माझ्या कातडीवरही आहे, यांच्याही." त्यांनी वैजनाथकडे बोट केलं. "चेहरा, पाठ, खांदे, काख, जिथे अंगाला तेल सुटतं तिथे केसांच्या मुळाशी राहतो. पोरापोरींना पुटकुळ्या येतात त्यांत हाच असतो. तिथे आहे तोवर गरीब. उलट दुसऱ्या वाईट जंतूंना जागा देत नाही."

"मग?"

"मग जागा बदलली. ऑपरेशनच्या आधी आपण कातडी औषधाने घासतो, वरवरचे सगळे मरतात. हा खोल, मुळाशी. चीर दिली की एखाददुसरा आत उतरतो. नुसत्या मांसात उतरला तर शरीर त्याला संपवतं. पण आत धातू होता. धातूला रक्त नसतं. त्याच्यावर हे जाऊन चिकटतात, स्वतःभोवती साय धरल्यासारखा थर करतात आणि आत बसून राहतात. रक्तातल्या पेशींना ते लागत नाहीत, औषध पोचत नाही. ताप येत नाही. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. आजूबाजूचं हाड हळूहळू सुजत राहतं. मागच्या वेळी पाच दिवसांत बाटली टाकून दिली. याला उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात, तेही हवा काढून घेतलेल्या डब्यात."

सत्यशीला ऐकत होती. आशाच्या ट्रेनिंगमध्ये असं कोणी सांगितलं असतं तर तिने वहीत उतरवून घेतलं असतं. आता तिने एकच विचारलं.

"मॅडम, हा दुसऱ्या कोणाच्या अंगावरचा असू शकतो का? म्हणजे, माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला असेल, त्या हाताचा?"

डॉ. अनन्यांना प्रश्न चमत्कारिक वाटला, पण त्यांनी उत्तर दिलं. "सांगता येणार नाही. पण बहुतेक तुमचाच. जन्मभर तुमच्यासोबत असलेला."

"आणि चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही हो, ताई."

हे वाक्य सत्यशीलाला झोंबलं. गेली तीन वर्षं लोक तिला हेच सांगत आले होते. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि वैजनाथच्या देखत, अपघातानंतर पहिल्यांदा, ओक्साबोक्शी रडली. वैजनाथला वाटलं, दुखतंय.

काही दिवस सलाईनमधून औषध, मग गोळ्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ, दोन महिने. तिने एक गोळी चुकवली नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगणात धुणं वाळत घालताना तिचा डावा हात आपोआप दोरीपर्यंत गेला. ती तशीच उभी राहिली. खांदा हलका होता. तिथे ऊब नव्हती, वजन नव्हतं, काही नव्हतं.

तिला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं ते असं, की घरातलं कोणी न सांगता निघून गेलंय. तिन्हीसांजेला ती खांद्यावर स्वतःचाच उजवा हात ठेवून बघायची. बोटं मागे जायची, अंगठा पुढे यायचा, सगळं उलटं. नुसता खांदा लागायचा. इतके दिवस ती शिक्षा भोगत होती, निदान तिचा तसा हिशेब होता. आता कळलं, ती शिक्षा नव्हतीच. तो घामातेलात वाढणारा एक आंधळा जीव होता, त्याला ना पंकजा ठाऊक ना मोबाईल. मग तिने जे केलं त्याचं काय? ते तर तसंच, कोरं, कोणी हात न लावलेलं पडून होतं.

गोळ्या संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुढच्या रस्त्याने रंगुबाईच्या दारात गेली.

रंगुबाई उंबऱ्यात हुलगे निवडत होती. तीन वर्षांत ती निम्मी झाली होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. पावलांवरून ओळखून म्हणाली, "आशाबाई का? ये."

सत्यशीला बसली नाही. उभ्यानेच बोलली, बसली असती तर बोलता आलं नसतं. "मावशी, त्या दिवशी मी गाडी चालवताना मोबाईल उचलला. ब्रेकवरचा हात सोडला. टेम्पोवाल्याची चूक होतीच, पण माझीबी होती. मी बघत असते तर कदाचित..." पुढचं तिच्याच्याने होईना. फोन कोणाचा होता ते ती बोलली नाही. तेवढं न बोलायचं तिने रस्त्यात ठरवलं होतं.

रंगुबाईची बोटं हुलग्यांत थांबली. ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि देवळीतून एक जुना बटणांचा फोन घेऊन आली. दोन बटणं दाबून तिने तो सत्यशीलाच्या हातात दिला. लावलेल्या फोनांची यादी होती. सगळ्यांत वर सत्यशीलाचं नाव. तारीख तीच. वेळ, एक वाजून बेचाळीस.

"त्यानंतर म्या कुनालाच फोन लावला न्हाई," रंगुबाई म्हणाली. "लावला तर ते खाली जाईल ना. आला तर घेती. चार्जिंग करती. पर लावत न्हाई."

सत्यशीलाने ती वेळ पुन्हा एकदा वाचली.

"पंकीचा मोबाईल बंद हुता. म्हून तुझ्याव केला. पिठलं केलंय, जेवायला या म्हनायला." रंगुबाईचा आवाज सपाट होता. "वाजला, वाजला आन् तुटला. दवाखान्यात तुझ्याजवळ तासभर बसले, इचारायचं हुतं, माझ्याच फोननं झालं का? इचारलं न्हाई. तू व्हय म्हनली असतीस तर?"

"मावशी, तुमच्यामुळं नाही. मी उचलायला नको होता."

"आन् म्या करायला नगं हुता. म्हन की."

सत्यशीलाने म्हटलं नाही. मग रंगुबाईने फोन तिच्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला आणि पहिल्यांदाच रागाने बोलली.

"तीन वर्सं झाली. तू माझ्या दारावरनं जात नव्हतीस. मला वाटायचं, हिला समदं ठाव हाय, म्हून ही माझं तोंड बघत न्हाई. तीन वर्सं ह्या घरात मी एकटी मेले, शीले. एकदा आली असतीस तर." तिने हुलग्यांचं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

ते दार दीड महिना उघडलं नाही. सत्यशीला एक दिवसाआड जायची, उंबऱ्याशी थोडी थांबायची, हाक द्यायची आणि परत यायची. बायका विचारायच्या, काय गं, भांडण झालं का? ती म्हणायची, नाही.

मग एका सोमवारी रंगुबाईच तिच्या अंगणात येऊन उभी राहिली. डोळ्यांचं शिबिर आहे म्हणतात मिरजगावला, नेतीस का, एवढंच म्हणाली.

दोघी एसटीने गेल्या. त्या वळणावर गाडी आली तेव्हा रंगुबाईने विचारलं, "हितंच का?" सत्यशीला म्हणाली, "हो."

शिबिरात रांग मोठी होती. टेबलाशी बसलेल्या माणसाने रंगुबाईचं नाव, वय, गाव लिहून घेतलं. ऑपरेशन ठरलं तर सोबतचं माणूस लागतं. त्याने सत्यशीलाकडे बघून विचारलं, "या कोण तुमच्या? नातं काय लिहू?"

रंगुबाईने सत्यशीलाच्या दिशेने तोंड केलं. तिच्या सारा आलेल्या डोळ्यांना किती दिसत होतं कोण जाणे. मागची माणसं खोळंबली होती.

"लिव कायतरी," ती म्हणाली.

त्याने 'शेजारी' असं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.